आजीचा फोटो फणसाच्या फळीवर : अ‍ॅक्रिलिक ट्रान्स्फरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या फोंड्याच्या घरात दर पावसाळ्यात जुन्या फोटोंना बुरशी धरते. आजीचा तुळशीवृंदावनापाशी उभी असलेला एकच फोटो आहे, आणि तोही कडेने पिवळा पडत चालला होता. त्याची प्रत लाकडावर उतरवायची म्हणून एप्रिलमध्ये अ‍ॅक्रिलिकने, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या आणि वाळल्यावर प्लॅस्टिकसारख्या होणाऱ्या रंगाने, सुरुवात केली. आता नोव्हेंबर संपत आला. तीसेक तुकडे करून झाले, त्यातले अठरा ठेवण्याजोगे निघाले.

मूळ फोटोला हात लावायचा नाही. स्कॅन करून तो आरशातल्यासारखा उलटा करायचा आणि साध्या कागदावर लेझर प्रिंट काढायची. छापील बाजूवर अ‍ॅक्रिलिकचा थर द्यायचा, कागद फळीवर पालथा घालायचा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. पूर्ण वाळलं की कागद ओला करून बोटांनी चोळायचा. कागदाचा लगदा निघतो, चित्र थरात राहतं. घरच्या इंकजेटवर काढलेल्या माझ्या पहिल्या दोन प्रिंट पाणी लागताच पसरल्या. लेझरचं टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर बसवलेली प्लॅस्टिकची पूड, ती पाण्याला दाद देत नाही. झेरॉक्सही त्यामुळेच चालते.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते थरासाठी पारदर्शक जेल (रंग न घातलेलं घट्ट अ‍ॅक्रिलिक) घ्यावं की पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, हे ठरवण्यात. जेलने फणसाच्या लाकडाचे रेषे फोटोतून दिसतात आणि झाडं, दगडी जोतं, जुनी दारं असल्या विषयांना ते फार शोभतं. पण आजीचं पांढरं लुगडं त्यात फळीसारखं पिवळं झालं, चेहराही मळकट दिसू लागला. साध्या प्रिंटरमध्ये पांढरा टोनर नसतो. फोटोतला पांढरा भाग म्हणजे नुसता कोरा कागद, आणि कागद गेला की तिथे खालचं लाकूडच दिसणार. हे लक्षात यायला मला चार फळ्या लागल्या. पाचव्या वेळी जेलऐवजी पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग घेतला आणि लुगडं पांढरं आलं, काठसुद्धा वेगळा उठून दिसला. माणसांच्या फोटोंना आता मी पांढराच रंग लावते. थर एवढाच हवा की खालची छपाई जेमतेम झाकली जाईल. पातळ झाला तर चित्र तुटक उतरतं, जाड झाला तर कागदाखाली सुरकुत्या पडतात.

गोव्यात राहणाऱ्यांनी वाळवण्याबद्दल ऐकलेलं सगळं निदान दुप्पट धरावं. एका रात्रीत वाळतं म्हणतात, आणि मे महिन्यात ते खरं ठरलं. जुलैमध्ये रात्रभर ठेवलेली फळी सकाळी चोळायला घेतली तर कागदाबरोबर चित्राची सालच निघाली. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेल्याशिवाय त्याचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि पावसाळी हवेत ते पाणी जायला जागाच नसते. त्यानंतर मी पंख्याखाली पूर्ण तीन दिवस ठेवू लागले आणि चोळताना एकही फळी गेली नाही. घाई असेल तर हेअर ड्रायर फिरवतात, पण माझ्याकडे त्याने वरचा थर आधी सुकून फुगे आले.

चोळणं एका बैठकीत संपवू नये. ओला असताना फोटो स्वच्छ दिसतो, वाळला की त्यावर राखेसारखी पांढरट झाक येते. तो उरलेला कागदाचा तंतू. पुन्हा ओला करा, पुन्हा चोळा, तिसऱ्या खेपेला थांबा. नखं लावू नका, स्क्रबर तर नकोच. राहिलेली पुसट झाक वरून जेलचा हात दिला की तंतू पारदर्शक होऊन जवळजवळ नाहीशी होते.

फळीखेरीज बाकी ठिकाणी संमिश्र अनुभव. जुन्या मंगलोरी कौलावर मांडवीतल्या होडीचा फोटो सुरेख बसला, पण ते कौल पडवीत टांगल्यावर मागून ओल चढली आणि कडा सुटल्या. घरात ठेवायचं असेल तरच कौल घ्या. चकचकीत टाइलवर थर नखाने निघून येतो. कापडी पिशवी चौथ्या धुण्याला तडकली, पुन्हा करणार नाही.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. तयार फळ्या एकावर एक ठेवू नका. ऑगस्टमध्ये दोन फळ्या तोंडाला तोंड लावून कपाटात ठेवल्या होत्या. दमट उष्म्यात अ‍ॅक्रिलिक मऊ पडून त्या चिकटल्या आणि सोडवताना माझ्या आईच्या लग्नातल्या फोटोचा अर्धा गजरा दुसऱ्या फळीवर गेला. आता मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालते आणि फळ्या उभ्या ठेवते.

आजीची फळी देवघराशेजारच्या भिंतीवर आहे, ऊन न लागणाऱ्या बाजूला. जून ते सप्टेंबर तिथेच काढले. बुरशी नाही, कड सुटलेली नाही. आईच्या त्या फोटोची नवी प्रिंट कालच काढून आणली आहे.