सोल-जेल की झिओलाइट: सिरॅमिक मेम्ब्रेनचा वरचा थर

सिरॅमिक मेम्ब्रेन म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी; तिचा वरचा थर सोल-जेल किंवा झिओलाइट अशा दोन पद्धतींनी देता येतो. आधार दोन्हीकडे तोच: अल्फा-अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा एक प्रकार) सच्छिद्र नळी किंवा चकती, घासून गुळगुळीत केलेली. फरक वरच्या थरात.

सोल-जेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम अल्कॉक्साइड (अ‍ॅल्युमिनियमचं सेंद्रिय संयुग) 80–90 अंशांच्या पाण्यात हळूहळू सोडतात, थोड्या नायट्रिक आम्लाने बोहमाइटचा (अ‍ॅल्युमिनियमचं एक खनिज) सोल, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचं मिश्रण, स्थिर करतात आणि पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) मिसळून आधार काही सेकंद बुडवतात. खरी कसोटी वाळवण्यात. हवा कोरडी असली की थर आक्रसून आटलेल्या तळ्यासारखा तडकतो. म्हणून 40 अंश आणि 60 टक्के आर्द्रता. मग मिनिटाला 1 अंश या संथ गतीने 600 अंशांपर्यंत भाजायचं. धुळीचा एक कण बसला तरी तिथे भोक राहतं, त्यामुळे दुसरा थर द्यावाच. छिद्रं 4–5 नॅनोमीटरची होतात. द्रव गाळायला हे उत्तम, पण वायूंसाठी तोकडं: हायड्रोजन नायट्रोजनच्या जेमतेम 3.7 पट वेगाने जातो.

झिओलाइट ए (ठरावीक छिद्रं असलेलं स्फटिकी अ‍ॅल्युमिनोसिलिकेट) साठी आधारावर बीजस्फटिक चोळून ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणारं बंद भांडं) 100 अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. छिद्रं स्फटिकातलीच, सुमारे 0.4 नॅनोमीटर. इथेनॉलमधलं पाणी काढायला याला तोड नाही. स्फटिकातल्या छिद्रांना आकार देणारा सेंद्रिय रेणू (टेम्प्लेट) लागत नाही, म्हणून भाजणंही नाही. मात्र बीज विरळ पडलं की स्फटिकांमध्ये फटी राहतात, आणि आम्लात हा थर विरघळतो.