गाडीतला सीबी रेडिओ: आठ महिने, एक पावसाळा आणि स्टेपनीच्या खड्ड्यातलं पाणी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीत कुबट वास यायला लागला. हिने आधी माझ्या ट्रेकच्या बुटांवर संशय घेतला. बूट बाहेर काढले, वास तसाच. शेवटी डिकीतली चटई उचलली तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी. आंघोळीच्या मगाने मोजून चार मग उपसले. तेव्हा कळलं, की डिसेंबरात १८०० रुपये मोजून सीबी रेडिओची जी 'एकदम नीट' फिटिंग दुकानात करून घेतली होती, तिचं हे फळ.

सीबी रेडिओ म्हणजे गाडीतून गाडीत मोबाइलशिवाय थेट बोलायचा बिनतारी सेट. आम्ही तीन-चार गाड्या मिळून कोकणात जातो. वरंध घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून हे खूळ. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॉटपर्यंत परवाना लागत नाही. सेटवर चॅनल ४० दिसतात, पण या पट्ट्यात बसतात ती १ ते २७ एवढीच. अठ्ठावीसपासून पुढचं बटण नाही असंच समजायचं. आम्ही १४ वर असतो, पट्ट्याच्या साधारण मधोमध.

दुकानदाराशी पहिली चकमक करंटवरून झाली. तो सिगारेट लायटरच्या वायरीतून जोड घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, थेट बॅटरीवरून घ्या, आणि बॅटरीजवळच फ्यूज टाका.

"साहेब, एवढासा रेडिओ. त्याला डायरेक्ट बॅटरी कशाला? उगाच मजुरी वाढेल."

मजुरी वाढली. तरी सेट लावला की इंजिनाबरोबर चढणारी बारीक कुईं ऐकू यायचीच. दोन महिने अल्टरनेटरला शिव्या घातल्या. निघाला तो दीडशे रुपयांचा मोबाइल चार्जर! तो उपटला आणि सेट गप्प. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभारल्या, त्या माणसाने केलेला असला गोंगाट तिथे कमी म्हणून. आणि आपण स्वतःच्या डॅशबोर्डवर गोंगाटाचा कारखाना खोचून हिंडतो. (नारायणगावच्या बाजूला गेलो की मी सेट बंदच ठेवतो. सेट चारच वॉटचा असला म्हणून काय झालं.)

अँटेना चुंबकाची. २७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची काडी म्हटली तरी पावणेतीन मीटर होते, म्हणून बुडाशी कॉइल असलेली मीटरभराची घेतली. छताच्या मधोमध ठेवली, कारण पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग आहे. सनरूफवाल्यांनी इथेच विचार करावा, काचेला चुंबक चिकटत नाही. एसडब्ल्यूआर (सेटची ताकद अँटेनाकडून किती परत फिरते त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) पहिल्यांदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजला तर ३ च्या वर! काडीचं टोक आणि वरच्या स्लॅबमध्ये जेमतेम वीतभर अंतर, स्लॅबमध्ये सळया, दुसरं काय येणार. गाडी मोकळ्या मैदानात नेली, दारं लावली, तिथे १.८. चॅनल २७ वर आकडा चॅनल १ पेक्षा जास्त होता, म्हणजे काडी लांब. बुडाचा स्क्रू सैल करून चार-पाच मिलिमीटर खाली सरकवली, १.३ वर आलं. इथवर मी खूश होतो. मार्चमध्ये कोणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

आता ती वायर. दुकानदाराने छतावरून आलेली केबल डिकीच्या दाराच्या वरच्या कडेने, रबराखालून सरळ आत घेतली होती. दिसायला सुरेख, बाहेर बोटभरसुद्धा दिसत नव्हती. पण केबल गोल आणि रबर सपाट, त्यामुळे केबलच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी फट राहते. छतावरचं पाणी केबलला धरून उतरतं आणि त्या फटीतून आत शिरतं. तिथून सीलिंगच्या कापडामागे, मग खांबातून खाली थेट स्टेपनीकडे. कापडावर डाग नाही, म्हणून चार आठवडे पत्ता लागला नाही. एसडब्ल्यूआरही २.४ वर गेला होता. मला वाटलं काडी सरकली. काडी जागेवरच होती. बुडाच्या जोडात पाणी शिरून आतल्या तारेवर हिरवट गंज चढला होता.

गाडी घेऊन दुकानात गेलो. तो म्हणाला, "गाडीच गळत असेल साहेब, जुनी आहे." गाडी नऊ वर्षांची आहे आणि आठ पावसाळे कोरडी होती! मी तिथेच बाटलीभर पाणी छतावर ओतलं आणि आतून टॉर्च मारून थेंब दाखवला. त्यावर सिलिकॉन भरून देतो म्हणाला, ३०० रुपये. नको म्हटलं आणि घरी आलो.

दुरुस्तीला एक रविवार सकाळ लागली. केबल वरून काढून बाजूने घेतली, दाराच्या खालच्या कोपऱ्याशी. आत शिरण्याआधी तिला खाली लूप दिला, म्हणजे पाणी लूपच्या तळाशी येऊन टपकतं, वर चढून आत जात नाही. घराच्या मीटरची वायर लावताना कुठलाही वायरमन हेच करतो! पुण्याच्या तापकीर गल्लीतून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप आणली, तार घासून पुसली, जोड पुन्हा डाग देऊन (सोल्डर करून) पक्का केला आणि वर टेप ताणून गुंडाळली. उरलेली केबल करकचून न गुंडाळता सीटखाली सैल सोडली. सगळा खर्च ११० रुपये. मैदानात मोजलं, १.४.

बाहेरून आता वायर दिसते. शेजारच्या काकांनी "हे काय लोंबतंय?" म्हणून विचारलंही. लोंबू दे.

चुंबकाबद्दलचं मतही बदललं. आधी वाटायचं, छताला भोक पाडायला नको म्हणजे जिंकलो. पण चुंबकाखाली धूळ साचते आणि रंगावर बारीक गोल ओरखडे उठतात. दर आठवड्याला उचलून पुसावं लागतं. तरी भोक पाडणार नाही, कारण दीड मीटरची गाडी अधिक मीटरभराची काडी मॉलच्या २.१ मीटरच्या आडव्या दांडीखालून जात नाही. तिथे उतरून अँटेना डिकीत टाकावीच लागते.

आणि सेट? सेटची काही तक्रार नाही. सपाटीला पाच-सहा किलोमीटर आरामात, घाटात मध्ये डोंगराची सोंड आली की एक-दोन. मे महिन्यात वरंध घाटात पुढच्या गाडीतून मेव्हण्याचा आवाज आला, "दाजी, वळणावर दरड आहे, उजवीकडून हळू घ्या." मोबाइलवर तेव्हा एकही काडी नव्हती.

मेव्हण्याचा सेट अजून लायटरवरच आहे, अँटेना मागच्या काचेतून बाहेर काढलेली. नीट बसवून घ्यायचाय म्हणून काल त्याने दुकानाचा पत्ता मागितला. शनिवारी टेप आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन मीच त्याच्या पार्किंगमध्ये जातोय.