नोकरी सांभाळून सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं एमटेक: १४ महिन्यांनंतर

अंबड एमआयडीसीत विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गांतून सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं एमटेक करतोय, एरोस्पेसवर भर असलेलं.

इथे पंख किंवा इंजिनाचं डिझाइन शिकवत नाहीत, हे आधी समजून घ्या. हजारो भाग, डझनभर टीम, तितकेच पुरवठादार; एवढ्या सगळ्यांतून एक विमान नीट उडावं कसं, हा खरा विषय.

पहिल्याच असाइनमेंटमध्ये मी लिहिलं होतं, ‘युनिट विमानातून सहज काढता आलं पाहिजे.’ सरांनी ‘सहज’भोवती गोल काढला. सहज म्हणजे किती? कोणाला? चार वेळा खोडून शेवटी झालं ते असं: ‘एका तंत्रज्ञाला, हातमोजे घालून, शेजारचं युनिट न हलवता १५ मिनिटांत काढता आलं पाहिजे.’ आणि समोरच्या रकान्यात, हे तपासणार कसं? प्रत्यक्ष काढून दाखवून. तेव्हापासून ड्रॉइंगवर नुसतं ‘चांगलं फिनिश’ दिसलं की मी ग्राहकाला फोन लावून आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आकडा) किती ते विचारतो.

एरियन ५ या युरोपियन रॉकेटचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. आधीच्या एरियन ४ वर व्यवस्थित चाललेलं सॉफ्टवेअर तसंच उचललं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्याचा आकडा सॉफ्टवेअरने ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि ४ जून १९९६ ला पहिलंच उड्डाण मिनिटभराच्या आत संपलं. ‘जुनाच पार्ट आहे, चालतो’ हे आमच्या शॉपवर रोज कानावर पडतं. आता मी विचारतो, चालतो, पण कुठल्या लोडला?

तक्रारीही आहेत. असाइनमेंट तपासून यायला सहा-सात आठवडे लागतात, तोवर पुढची चूक करून झालेली असते. मॉडेलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स ठरावीक वेळेपुरतंच मिळतं. सेकंड शिफ्टवाल्याने काय करायचं? रिलायबिलिटीचं गणित तर घाईघाईत उरकलं.

२०२५ च्या ऑक्टोबरात ओझरहून नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, तेव्हापासून बरेच जण या कोर्सबद्दल विचारतात. दोन-तीन वर्षं शॉपवर किंवा डिझाइनमध्ये काढली असतील तर जरूर घ्या. कॉलेजातून थेट आलेल्या दोघांना आमच्या वर्गात फार जड गेलं, कारण इंटरफेसवरून, म्हणजे दोन टीमचे भाग जिथे जुळतात तिथल्या जोडावरून, होणारी भांडणं त्यांनी पाहिलेलीच नव्हती. प्रवेशाआधी नासाचं सिस्टिम्स इंजिनिअरिंग हँडबुक उतरवून घ्या, फुकट आहे. त्यातलं परिशिष्ट सी, रिक्वायरमेंट (वरच्या ‘१५ मिनिटांत काढता आलं पाहिजे’सारखी अट) कशी लिहावी याचं, आधी वाचा.