खाणपट्ट्यातील नदीसाठी ई-डीएनए तपासणी सेवा : दोन हंगामांचा अनुभव

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर थांबलेले उत्खनन आता पुन्हा सुरू होत आहे, आणि म्हणूनच तिथल्या खाणींजवळून वाहणाऱ्या खांडेपार नदीत आज कोणते मासे आहेत याची नोंद आम्हाला हवी होती. माशांच्या अंगावरून सुटलेल्या पेशी, बुळबुळीत स्राव आणि विष्ठा यांतून पाण्यात मिसळणाऱ्या डीएनएवरून प्रजाती ओळखणारी ही ई-डीएनए (पर्यावरणीय डीएनए) सेवा आम्ही जुलैत आणि जानेवारीत, तीन ठिकाणांसाठी घेतली. संचात ०.४५ मायक्रॉनची बंद गाळणी, सिरिंज, हातमोजे आणि डीएनए टिकवणारे द्रावण असते. काठावरूनच नमुना घेता येतो आणि एकही मासा मरत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू.

जुलैच्या लाल पाण्यात मात्र चौथ्या सिरिंजलाच गाळणी तुंबली. दट्ट्या दोन्ही अंगठ्यांनी रेटूनही हलेना. लिटरभर पाणी गाळायचे होते, पाव लिटरही गाळले गेले नाही. अहवालात खाणीच्या नाल्याखालच्या ठिकाणापुढे ‘मासे आढळले नाहीत’ एवढेच लिहून आले. गढूळ पाण्यातील लोह आणि ह्युमिक आम्ले (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याजोगा करण्याची, प्रक्रिया रोखतात, त्यामुळे नमुन्यात डीएनए असूनही तो दिसत नाही, ही शंका आम्ही प्रयोगशाळेला कळवली. रोखणारे घटक विरळ व्हावेत म्हणून नमुन्यातून काढलेला डीएनएचा अर्क दहापट पातळ करून पुन्हा तपासल्यावर त्याच नमुन्यात मरळ आणि तिलापिया मिळाले. ही तपासणी प्रयोगशाळेने आपणहून करायला हवी होती, कारण खाणीजवळच्या नदीबाबत ‘मासे नाहीत’ या दोन शब्दांचे परिणाम फार गंभीर असतात.

त्याच अहवालात बांगडाही होता. समुद्रातला हा मासा इथे कसा, याचा उलगडा काठावरच्या घरांमागील, मासे धुतलेले मोरीचे पाणी नदीत उतरताना पाहिल्यावर झाला. अहवालात मात्र त्यावर एका ओळीचीही टीप नव्हती.

जानेवारीच्या नितळ पाण्यातील निकाल उत्तम आले. दगडांच्या सांदीत राहणारी आणि आमच्या जाळ्यात कधीच न आलेली वाम तिन्ही ठिकाणी नोंदली गेली. पश्चिम घाटातील अनेक माशांचे संदर्भ-क्रम (जुळवून पाहण्यासाठी लागणारे ओळखीच्या माशांचे डीएनए-क्रम) उपलब्ध नसल्याने काही नोंदी कुळापर्यंतच थांबतात. शिवाय माशांचे वय, आरोग्य किंवा त्यांच्या अंगातील धातूंचे प्रमाण यातून कळत नाही, त्यासाठी मासे पकडावेच लागतात.

पुढच्या जानेवारीत आम्ही ही सेवा पुन्हा घेऊ. पावसाळ्यातील नमुने मात्र अधिक मोठ्या छिद्रांची गाळणी आणि पीसीआरच्या अडथळ्याची चाचणी लेखी कबूल झाल्यावरच पाठवू.