'फो पा'चा माग आणि एक व्युत्पत्तिकोश

चारचौघांत न शोभणारे बोलणे किंवा वागणे नकळत हातून घडले, तर इंग्रजीत त्याला 'फो पा' म्हणतात. मूळचा फ्रेंच असलेला हा शब्द कसा घडला हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांना मी डग्लस हार्पर यांनी उभारलेला, संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येणारा 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' हा कोश निःशंकपणे सुचवीन.

या शब्दाची तिथली नोंद अगदी छोटी आहे. इंग्रजीतील वापर १६७० च्या दशकापासूनचा आणि शब्दशः अर्थ 'चुकीचे पाऊल', एवढेच ती सांगते. खरा ऐवज तिथून पुढे जाणाऱ्या नोंदींमध्ये आहे. 'फो'चा माग काढत गेल्यास आपण लॅटिनमधील 'फालेरे' या क्रियापदापाशी पोहोचतो आणि त्याचा अर्थ केवळ 'फसवणे' नसून 'ठेच लागून पडायला लावणे' असाही आहे, हे कळते. 'पा'च्या मागे 'पासुस', म्हणजे पाऊल, आणि त्याच्याही मागे 'पान्देरे', म्हणजे ताणणे, पसरणे. शब्दाच्या दोन्ही घटकांत पावलाचा असा संबंध आहे, हे मला इथेच प्रथम उमगले आणि त्याचा मनापासून आनंद झाला.

हार्पर यांची शिस्त मला विशेष मोलाची वाटते. कोशातील वर्ष हे उपलब्ध लेखी पुराव्याचे असते. बोलण्यात शब्द त्याआधीही रुळलेला असू शकतो, याची स्पष्ट जाणीव वाचकाला दिलेली आहे. 'गाफ' या जवळच्या अर्थाच्या शब्दाला १९०९ हे वर्ष दिले असून, होडी ओढून घेण्याच्या आकड्याला (हुकाला) असलेल्या फ्रेंच नावाशी त्याचा संबंध जोडताना 'कदाचित' हा शब्द आवर्जून वापरला आहे. व्युत्पत्तीच्या नावाखाली रंजक कथा खपवण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हा संयम महत्त्वाचा.

अर्थ काळानुसार कसकसा बदलला हे उदाहरणांसह पाहायचे असेल, तर मात्र हा कोश पुरा पडत नाही. 'फो पा' हा शब्द पूर्वी स्त्रीच्या चारित्र्यावर ठपका ठेवण्यासाठीही वापरला जाई. तो अर्थ ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात जुन्या अवतरणांच्या आधारे तपासता येतो, परंतु त्याच्या ऑनलाइन आवृत्तीसाठी वर्गणी भरावी लागते किंवा ती घेणारे ग्रंथालय गाठावे लागते.