गृहशिक्षण की शाळेला घराची जोड? साताऱ्यातील पालकांसाठी एक तुलना

मुलांना शाळेत न पाठवता पूर्णपणे घरी शिकवावे, की शाळा चालू ठेवून उरलेल्या वेळात घरचे शिकणे भक्कम करावे, असा विचार करणारे पालक बहुधा अभ्यासक्रमापासून सुरुवात करतात. माझ्या मते आधी घरातील मोठ्या माणसांचा दिवस मांडून पाहावा, कारण दोन्ही मार्गांतला मुख्य फरक तिथेच आहे.

चौथी-पाचवीच्या वयाच्या मुलाचा पाठ्यपुस्तकी अभ्यास घरी दोन-तीन तासांत होऊ शकतो. उरलेला दिवस मात्र आपोआप शिक्षणाचा होत नाही. प्रश्नांना उत्तरे देणारे, वाचनालयात नेणारे, मोजमाप करत भाकरीचे पीठ मळू देणारे कोणीतरी घरात असावे लागते. बहुतेक घरांत हा भार आईवर येतो, आणि वडिलांनी स्वतःचे तास आधीच ठरवून दिले नाहीत, तर तिची कामे आणि मुलांचे शिकणे दोन्हींची ओढाताण होते. आजी-आजोबा सोबत असतील तर सकाळ सांभाळली जाते, पण गणिताची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी हा ताण कमी असतो. तिथे अडचण थकव्याची असते, कारण शाळेनंतर शिकवणी लावली की घरच्या शिकण्याला जागाच उरत नाही.

गृहशिक्षणाचे बळ पाहायचे असेल तर कासचे पठार पाहावे. कीटकभक्षी वनस्पतींचा धडा शाळेतले मूल वर्गात वाचते. घरी शिकणारे मूल ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या हंगामात, शनिवार-रविवारची गर्दी टाळून, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले निरखू शकते आणि त्यांचे सूक्ष्म जीव पकडणारे बारीक फुगे ओल्या मातीत दडलेले असतात हे तिथेच उभे राहून समजून घेऊ शकते. तेच मूल अजिंक्यताऱ्यावरून शहराचा नकाशा काढू शकते आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम पाहून भूगोल शिकू शकते. हे सारे शाळा सांभाळूनही सुट्टीत जमते, पण घाईत. आणि मुलाला एखाद्या गोष्टीपाशी हवा तितका वेळ थांबता येणे मला फार मोलाचे वाटते.

सोबतीच्या बाबतीत शाळा निःसंशय पुढे आहे. गल्लीतली मुले संध्याकाळीच मोकळी होतात, त्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलासाठी खेळाचे मैदान, पोहणे, तबल्याचा वर्ग अशी नियमित सोबत ठरवूनच उभी करावी लागते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयोगटातील मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यासाठी पालकांना दंडाची तरतूद नाही आणि गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखही नाही. परतीची वाट खुली आहे, कारण कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा वयाच्या १४ वर्षांनंतर देता येते. किमान ५ विषय घ्यावे लागतात, मराठी माध्यम मिळते आणि नोंदणी ५ वर्षे चालत असल्याने विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. एकाच दमात सगळे पेपर देण्याचे दडपण नसणे हा या मार्गाचा मोठा लाभ आहे.

आई-वडील दोघेही दिवसभर नोकरीवर असतील, तर शाळा ठेवावी, शिकवणी टाळावी आणि संध्याकाळ घरच्या वाचनाला द्यावी, असे मी सुचवेन. घरातील एका मोठ्या माणसाचा अर्धा दिवस खरोखर मोकळा असेल, तर चौथीपर्यंत गृहशिक्षण निर्धास्तपणे करावे. मात्र सहावीच्या प्रवेशासाठी जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा द्यायची इच्छा असेल, तर मुलाने तिसरी आणि चौथी मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असणे आणि पाचवीला ते जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत शिकत असणे आवश्यक असते. म्हणून शाळेतला प्रवेश दुसरीचे वर्ष सरत असतानाच घेऊन ठेवावा.