वीस हजार गेम, त्यात कॉन्ट्रा किती?

भाऊबीजेला बहीण आणि भाचा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येणार होते. भाच्याला मामाच्या लहानपणीचा गोळीबाराचा व्हिडिओ गेम, कॉन्ट्रा, दाखवायचा, एवढीच हौस. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली: टीव्हीला लावायची गेम स्टिक, २०,००० गेम, १२८ जीबीचं कार्ड, दोन वायरलेस रिमोट, वर बदकं मारायची बंदूक. २,७९९ रुपये, तेही पार्सल आल्यावर द्यायचे. मग फसायचा प्रश्नच कुठं येतो, म्हटलं. पण पार्सलवाला पोरगा दारात म्हणाला, "दादा, पैसे दिल्याशिवाय खोकं फोडता येत नाही." तिथंच थांबायला पाहिजे होतं.

यादी उघडली. कॉन्ट्रा चौथ्या नंबरला, मग एकेचाळीसला, मग दोनशे सतराला. एक थेट धबधब्यापासून सुरू होतो, दुसरा बर्फापासून, तिसऱ्यात तीस जीव आधीच दिलेले. मी मोजत बसलो, बावीसपर्यंत गेलो आणि सोडून दिलं. खरं सांगायचं तर लहानपणी आपण फुंकर मारून घालायचो त्या '९९९९९९ इन १' कॅसेटमध्येही हेच होतं. तेव्हा मात्र ती फसवणूक वाटली नव्हती!

बंदूक तर चाललीच नाही. ती जुनी बंदूक पडद्यावरचा उजेड टिपायची, आणि तिचा सगळा हिशोब काचेच्या पिक्चर ट्यूबवर बसवलेला. आजच्या एलईडी टीव्हीवर तो जुळत नाही. रिमोटचं बटण दाबलं की गडी जरा उशिरानं उडी मारायचा. कॉन्ट्रात तेवढ्यात मेलाच. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे हा उशीर कमी करणारी सेटिंग, लावल्यावर थोडा फरक पडला, पण थोडाच.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा सेव्ह केलेला गेम गायब. शंका आली म्हणून कार्ड लॅपटॉपला लावलं आणि एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम चालवला. तो कार्ड भरेपर्यंत माहिती लिहितो आणि परत वाचून बघतो. १२८ पैकी जेमतेम ८ जीबी खरी, बाकी नुसता आकडा. कार्डातली चिपच खोटा आकडा सांगायला बसवलेली असते, त्यामुळं लॅपटॉपलाही वरवर १२८च दिसतात.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, "परत घेतो, कुरिअरचे ४९९ आधी भरा," आणि खाली क्यूआर. मी भरले. हो, भरले. त्यानंतर नंबर ब्लॉक. तेव्हाच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा होता; मी मात्र चार दिवस कुरिअरवाल्याची वाट बघत बसलो.

आता घरातल्याच जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल आणि वायरचा यूएसबी रिमोट लावलाय. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीनं २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने भाग एकत्र करून अधिकृत विकायला काढलेत, ते घेतले. जुने पीसी गेम हवे असतील तर जीओजी या वेबसाइटवर विकत मिळतात. आणि त्या स्टिकमध्ये असतो तसला एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनचे गेम चालवणारा प्रोग्रॅम, उदाहरणार्थ रेट्रोआर्च, मुळात फुकटच मिळतो. म्हणजे मी पैसे मोजले ते फुकट प्रोग्रॅमचे, खोट्या कार्डाचे आणि चोरीच्या गेमांचे.

परवा तीच जाहिरात नव्या नावानं दिसली. खोकं तेच, बंदूकही तीच. गेम मात्र आता ३०,००० झालेत.